जुन्या पिकअपचा एसी: गॅस भरण्याआधी

सलग तीन उन्हाळे मी एकाच कामाचे पैसे मोजले. एप्रिल उजाडला की पिकअप गॅरेजला लावायची. मेस्त्री लाल-निळ्या नळ्यांचं मीटर जोडणार, काट्याकडे बघून ‘गॅस कमी झालाय’ म्हणणार आणि डबा मोकळा करणार. पंधरा दिवस बरे जाणार, मग ये रे माझ्या मागल्या. आमचं गाव रावेर तालुक्यात. केळीचा माल, मजूर, कधी आई-अण्णांना घेऊन जळगावचा दवाखाना, सगळं या एकाच डबल केबिन गाडीवर. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. तेव्हा भर दुपारी रेल्वे फाटकावर उभं राहिलं की एसीच्या जाळीतून येणारी हवा आणि चुलीपुढची हवा यात फारसा फरक उरत नसे.

चौथ्या वर्षी भुसावळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने गॅसच्या डब्याला हातच लावला नाही. म्हणाला, “दादा, हा गॅस म्हणजे डिझेल आहे का जळून संपायला? गेला असेल तर कुठून तरी गेला. ते भोक तसंच ठेवून मी वरून किती ओतू? आणि गेलाच नसेल तर भरू कशाला?” बाकीच्या तिघांना हा प्रश्न पडला नव्हता. मलाही नव्हता, हे कबूल करायला हवं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. खाली आहे ते बहुतेक स्वतःच्या गाडीवर करून पाहिलेलं आहे. गाडी २०११ची, साधं डिझेल इंजिन, गोल नॉब फिरवायचा एसी. दहा-पंधरा वर्षं जुन्या कुठल्याही पिकअपला यातलं बरंचसं लागू पडेल.

थंडी बनत नाही, उष्णता उपसली जाते

एसी थंडी तयार करतो ही समजूत आधी सोडून द्यायची. एसी उपसा करतो. विहिरीतलं पाणी आपणहून पाटात चढत नाही, म्हणून आपण मोटर लावतो. उष्णताही आपणहून फक्त गरमाकडून गाराकडे वाहते. केबिनमध्ये २५ अंश हवेत आणि बाहेर ४४ आहेत, म्हणजे उष्णतेला चढावर न्यायचंय. केबिन ही विहीर, कॉम्प्रेसर हा पंप आणि रेडिएटरच्या पुढे उभी असलेली ती जाळी, म्हणजे कंडेन्सर, हा पाट. पाट तुंबला तर पंप कितीही दणकट असला तरी पाणी फिरून विहिरीतच येणार.

उष्णता वाहून नेणारी बादली म्हणजे गॅस. तिचं काम माठासारखं चालतं. माठातून झिरपलेलं पाणी सुकताना माठाची उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं की गार लागतं, तेही त्याचमुळे. माझ्या गाडीच्या काळातल्या गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो आणि तो उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागे जी कूलिंग कॉइल असते तिच्या तोंडाशी एक्सपान्शन व्हॉल्व्ह नावाचं बारीक छिद्र असतं. दाबाखालचा द्रव त्यातून सुटला की दाब धाडकन उतरतो, द्रव तिथेच उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता ब्लोअरच्या हवेतून ओढून घेतो. हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते. तो वायू पुढे कॉम्प्रेसरने ओढायचा आणि दाबायचा. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसा दाबल्यावर हाही तापतो, अगदी बाहेरच्या ४४ अंशांपेक्षाही जास्त. म्हणून तर कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेलाही देऊ शकतो. उष्णता दिली की पुन्हा द्रव, वाटेत ड्रायरच्या डबीत ओलावा शोषला जातो आणि नवी फेरी सुरू होते.

एवढं कळलं की मेस्त्रीच्या मीटरची गूढ वाटणारी चकती उलगडते. त्या काट्यांवर लिहिलेला दाब म्हणजे खरं तर तापमानच असतं. आर-१३४ए शून्य अंशांना उकळत असेल तेव्हा मीटरवर सुमारे २८ पीएसआय दिसतात. पाच अंशांना ३६च्या आसपास. म्हणजे निळा काटा तीसच्या आजूबाजूला असेल तर आतली कॉइल मस्त गार आहे. लाल काटा कंडेन्सरचा. २३० म्हणजे गॅस ६० अंशांना द्रव होतोय. बाहेर ४०-४२ असताना हे ठीक आहे. तोच काटा ३००कडे गेला तर कंडेन्सर ७० अंशांवर तापलाय, उष्णता टाकायला त्याला वाव मिळत नाहीये. अशा गाडीत आणखी गॅस भरणं म्हणजे तुंबलेल्या पाटावर दुसरी मोटर चढवणं. माझ्या गाडीत तेच झालं होतं.

आधी मोजा

‘कूलिंग बरं वाटतंय’ हे मोजमाप नव्हे. गॅरेजमधून सकाळी दहाला बाहेर पडलं की सगळंच बरं वाटतं. मी स्वयंपाकघरात वापरायचा सळईवाला डिजिटल थर्मामीटर आणला, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि त्याची सळई मधल्या जाळीत खोचली. गाडी सावलीत उभी, खिडक्या बंद, नॉब पूर्ण निळ्या टोकाला, आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, ब्लोअर शेवटून दुसऱ्यावर, इंजिन साधारण १५०० फेऱ्यांवर. पाच-सात मिनिटांनी आकडा स्थिर होतो. कडक उन्हाळ्यात आठ ते बारा अंश आले तर जुन्या पिकअपने याहून जास्त काही करावं अशी अपेक्षा धरू नये.

माझा आकडा उभ्या गाडीत २१, हायवेला साठच्या वेगात १५. दोन्ही आकडे वाईटच, पण त्यांच्यातलं अंतर बोलकं होतं. पळताना गार आणि थांबल्यावर गरम, म्हणजे दोष बहुधा पुढच्या बाजूला: कंडेन्सरमधून हवा नीट जात नाही, गाडी पळाली की वारा ती उणीव भरून काढतो. याउलट सुरुवातीला झकास गार आणि अर्ध्या तासाने हवेचा जोरच कमी झाला, तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतोय असं समजा. सकाळी, संध्याकाळी, पळताना, थांबल्यावर, कायमच कोमट असेल तर मग गॅस, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा क्लच किंवा हीटर यांच्याकडे बोट जातं. ही विभागणी दहापैकी दहा वेळा बरोबर येते असं नाही, पण अंधारात गोळी मारण्यापेक्षा बरी.

एक फुकटची परीक्षा आहे आणि ती मला भारी आवडते. गाडी उभीच ठेवून एसी चालू करा, थर्मामीटर जाळीत, आणि एखाद्याला पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारायला सांगा. फवारणीचा पंप असेल तर उत्तमच, नुसतं पाणी भरायचं आणि टाकी आधी नीट धुवायची. माझा आकडा तीन-चार मिनिटांत २१वरून १३वर आला. गॅस तोच, कॉम्प्रेसर तोच. म्हणजे पंप धडधाकट होता, पाट तुंबलेला होता. तीन वर्षांत भरलेल्या गॅसच्या पैशांत असे किती पंप आले असते ते मी मोजलं नाही, मोजायचंही नाही.

पाट तुंबतो कशाने

ग्रिल काढली तेव्हा कंडेन्सर वरून तसा स्वच्छ दिसला. थोडी धूळ, दोन-चार चिकटलेले किडे. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते, तिथे बॅटरी मारून पाहिलं तर गोधडीच होती. जिनिंगला कापूस नेला होता त्याचे तंतू, गव्हाच्या मळणीचं भूस, काळी माती, आणि हे सगळं डिझेलच्या तेलकट धुराने नीट चिकटवून दिलेलं. गाडी वर्षानुवर्षं धुतली जात होती, पण बाहेरून. बाहेरून मारलेलं पाणी कचरा आत ढकलतं.

धुवायचं उलट्या बाजूने, इंजिनकडून ग्रिलकडे. त्यासाठी रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो इंचभर मागे घ्यावा लागला. इंजिन पूर्ण गार असताना साध्या नळाच्या पाण्याने, तासभर. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार प्रेशरची बंदूक इथे नको. अॅल्युमिनियमच्या त्या पात्या कागदापेक्षा थोड्याच जाड असतात, एका झटक्यात आडव्या झोपतात, आणि झोपलेल्या पात्यांमधून हवा जात नाही. ज्या आधीच वाकल्या आहेत त्या बारीक दातांच्या फणीने किंवा निवांत बसून पातळ पट्टीने सरळ करता येतात. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “उवा काढतोयस का?” दिसत तसंच होतं.

त्यानंतर पंखा. जुन्या डिझेल पिकअपला बहुधा इंजिनवरच बसवलेला मोठा पंखा असतो, त्याच्या मधोमध एक गोल डबी. तिला व्हिस्कस क्लच म्हणतात. आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, समोरची हवा तापली की ते तेल पंख्याला इंजिनशी जखडून धरतं आणि पंखा जोरात फिरतो. वय झालं की तेल झिरपून जातं आणि पंखा नुसता दाखवायला फिरतो. तपासायची गावठी पद्धत अशी: इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, किल्ली खिशात टाका, मग पंख्याला हाताने गिरकी द्या. घट्ट, जड फिरला तर ठीक. भिंगरीसारखा तीन-चार फेऱ्या मारला तर डबी गेली. ही गेली की थांबलेल्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात चढावर इंजिनही तापायला लागतं. माझ्या गाडीत ती गेली होतीच.

पंख्याभोवती प्लॅस्टिकचं कडं असतं, तेही पाहा. बऱ्याच गाड्यांचं ते कधीतरी काम करताना काढलेलं असतं आणि ‘याची काही गरज नाही’ म्हणून कोपऱ्यात पडून राहतं. त्या कड्यामुळे पंखा सगळी हवा जाळीतूनच ओढतो. कडं नसेल तर तो शेजारची इंजिनचीच गरम हवा ओढतो आणि पुन्हा फेकतो. कंडेन्सरच्या कडेच्या फटींत लावलेल्या फोमच्या पट्ट्याही याच कामाच्या. त्या दहा वर्षांत भुगा होतात. मी दाराला लावतात तसली फोमची पट्टी आणून चारी बाजूंनी चिकटवली. तिच्यामुळे थर्मामीटरवर एखादाच अंश पडला असेल, पण इतक्या कमी पैशांत तो अंश दुसरीकडे मिळत नाही.

ज्या गाड्यांत कंडेन्सरपुढे वेगळा इलेक्ट्रिक पंखा आहे तिथे एसी सुरू केल्यावर तो फिरतोय ना, आणि योग्य दिशेने हवा फेकतोय ना, एवढं नक्की बघा. दुरुस्तीत वायरी उलट जोडल्या तर तो हवा आत ढकलायच्याऐवजी बाहेर फेकतो, गाडीच्या वाऱ्याशीच भांडत बसतो. पुढे कागदाचा तुकडा धरला की लगेच कळतं.

जाळीमागे पेटलेली शेगडी

कंडेन्सर धुऊन, पंख्याची डबी बदलून उभ्या गाडीत आकडा १४वर आला. त्याखाली उतरेना. लाल-निळे काटे आता जसे हवेत तसे होते. दोष निघाला तो एसीत नव्हताच. तो हीटरमध्ये होता.

आपल्याकडे हीटर वर्षाचे पंधरा दिवस लागतो, त्यामुळे तो आहे हेच विसरतो. डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइलच्या शेजारीच छोटासा रेडिएटर असतो आणि त्यातून इंजिनचं ८५-९० अंशांचं पाणी फिरतं. नॉब निळ्या टोकाला नेला की एक तार ओढली जाते. कुठे ती पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करते, कुठे आतला पत्रा फिरवून त्या बाजूची वाट बंद करते. ही तार वर्षांनी सैल पडते, क्लिपमधून निसटते. नॉब निळ्यावर आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडा. मग गार झालेली हवा शेगडीवरून पुढे येते आणि आपण गॅसला शिव्या देतो.

बॉनेटमध्ये फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडे, जाणाऱ्या दोन रबरी नळ्या असतात. ज्या गाडीत पाण्याचा व्हॉल्व्ह आहे तिथे नॉब निळ्यावर असताना व्हॉल्व्हच्या पुढची नळी सहन होण्याइतकी कोमटच असायला हवी. चटका बसला तर पाणी फिरतंय. हात जपून लावा, फडकं घ्या. माझ्या गाडीतली तार पुन्हा क्लिपमध्ये बसवायला दहा मिनिटं लागली आणि आकडा १०वर आला. इतकं रडवून इतकं स्वस्त सुटलेलं काम दुसरं आठवत नाही.

कूलिंग कॉइलबद्दल थोडक्यात. जुन्या पिकअपमध्ये केबिन फिल्टर बहुधा नसतोच, किंवा त्याची जागा असते आणि ती रिकामी असते. धूळ थेट कॉइलवर बसते, तिथे दव असतंच, चिखल तयार. हवा अडते, कॉइल गोठते, कुबट वास येतो. तळाची पाणी जायची नळी तुंबली की पायाशी थारोळं साचतं. रिकामी जागा असेल तर फिल्टर बसवा. नसेल तर तीन-चार वर्षांतून एकदा डॅश उघडून कॉइल धुणं हाच उपाय आहे, आणि हे काम करणारा माणूस शांत डोक्याचा शोधा, कारण डॅशच्या क्लिपा तुटल्या की पुढची पाच वर्षं गाडी खडखडते. बर्फ धरत असेल तर कॉइलला टोचलेला सेन्सरही तपासायचा. कॉइल शून्याजवळ गेली की कॉम्प्रेसर थांबवणं हे त्याचं काम.

आता गॅस

हे सगळं झाल्यावरही काटे दोन्ही खाली असतील, तर गॅस खरोखर कमी आहे. कमी आहे म्हणजे गळलाय. रबरी नळ्यांमधून वर्षाकाठी अगदी थोडा गॅस झिरपतो, ते धरून चालू. पण पंधरा दिवसांत कूलिंग जात असेल तर भोक आहे. ठरलेल्या जागा म्हणजे जोडांच्या ओ-रिंगा (रबरी गोल कड्या), गॅस भरायच्या टोप्यांखालची बारीक व्हॉल्व्ह, कंडेन्सरचे खालचे कोपरे आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटून काळा ओला डाग दिसतो. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावणं किंवा तेलात रंग सोडून निळ्या दिव्याखाली बघणं, हे दोन रस्ते. एखाद्या गॅरेजने गळती न शोधता गॅस भरायची घाई केली तर गाडी सुरू करून घरी या.

जोड उघडला की आत हवा आणि हवेबरोबर ओलावा शिरतो. तो काढायला व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवावा लागतो. एवढा वेळ कशाला? पाणी १०० अंशांना उकळतं ते आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबात. दाब जवळजवळ शून्य केला की पाणी ३० अंशांनाही उकळतं, आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पाच मिनिटांत पंप बंद करणारा माणूस हवा काढतो, पाणी नाही. राहिलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतं आणि तेलात मिसळून आतून धातू खातं. त्याच वेळी ड्रायरची डबी बदलून घ्यावी. ती फार महाग नसते, आणि तिच्यातले दाणे एकदा ओलावा पिऊन भरले की पुढचा पिऊ शकत नाहीत.

गॅस वजनाने भरायचा, काट्याने नाही. बॉनेटखाली स्टिकर असतो, पिकअपमध्ये साधारण ४०० ते ७०० ग्रॅमच्या दरम्यानचा आकडा त्यावर सापडेल. स्टिकर निघून गेला असेल तर मॅन्युअलमध्ये पाहा. ‘थोडा जास्त टाकतो, जास्त गार होईल’ हे वाक्य ऐकलं की थांबवा. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्येच साचतो, तिथली उष्णता टाकायची जागा खातो, लाल काटा चढतो आणि कूलिंग उलट घटतं. भुसावळच्या मेस्त्रीने माझ्या गाडीतून गॅस मशीनमध्ये काढून वजन केला तेव्हा स्टिकरपेक्षा दीडशे ग्रॅम जास्त निघाला. तीन वर्षं ‘कमी’ म्हणून भरलेला गॅस!

आणि कुणी स्वस्तातला, ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असला डबा काढला तर आत काय आहे ते विचारा. घरगुती सिलिंडरच्या जातीचा ज्वलनशील वायू भरला तर गार होतं, नाही असं नाही, पण तोच वायू बंद केबिनमध्ये, आपल्या पायांपुढच्या कॉइलमधून गळू शकतो. फार जुन्या, नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या त्या जातीच्या वायूंवर १९८७च्या माँट्रियल कराराने हळूहळू बंदी आली. आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट भारी आहे. म्हणून नळी सैल करून ‘फुस्स’ सोडून देणारं गॅरेज नको, गॅस मशीनमध्ये काढून घेणारं हवं.

कॉम्प्रेसरचं ‘टक’

एसीचं बटण दाबलं की बॉनेटमधून ‘टक’ असा आवाज येतो. पट्ट्यावर सतत फिरणारी पुली आणि कॉम्प्रेसरचा दांडा यांना विजेचा चुंबक एकत्र आणतो, तो हा आवाज. कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली काढली. तिला हा क्लचच नव्हता. एसी नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा हाताने काढून ठेवायचा! आपण बटणावर वैतागतो तेव्हा हे आठवावं.

क्लचच्या दोन चकत्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. झिजून ती वाढली की तापलेला, अशक्त झालेला चुंबक चकतीला ओढू शकत नाही. सकाळी एसी चालतो, दुपारी ट्रॅफिकमध्ये कॉम्प्रेसर बंद पडतो, गार झाल्यावर पुन्हा चालू. मग लोक कॉम्प्रेसर बदलतात. अनेकदा चकतीमागची एक पातळ वॉशर काढली तरी फट भरून येते. बॅटरीचा व्होल्टेज आणि पट्ट्याचा ताणही याच रांगेत तपासायचा.

विहीरच कमी भरू द्या

उपसा सुधारण्याइतकंच विहिरीत पाणी कमी येऊ देणं महत्त्वाचं. दुपारच्या उन्हात चौरस मीटरभर जागेवर किलोवॉटभर उष्णता पडते, आणि पिकअपचं केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. कारला मागे डिकीचा तरी अडसर असतो, इथे मागच्या काचेमागे लगेच तापलेला हौदा. छताचं अस्तर मी काढलं तेव्हा आत नुसता पत्रा होता. त्यावर बंद छिद्रांचा दहा मिलिमीटरचा फोम चिकटवला, तसाच तुकडा पायाखालच्या मॅटखाली, जिथून सायलेन्सरचा पाइप जातो तिथे. उभ्या गाडीतल्या आकड्यात काही बदल नाही, पण केबिन गार व्हायला पूर्वी पंचवीस मिनिटं लागत, आता बारा-तेरा. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर तिथून धगही येतेय.

काळी फिल्म हा मोह टाळा. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिल्यापासून दंडाची पावती ठरलेली. उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला चकचकीत पडदा लावणं मात्र कुणी अडवत नाही, आणि तापतो तो मुख्यतः डॅशबोर्डच.

उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून चाला. आतली हवा साठच्या घरात असते, ती गार करत बसण्यापेक्षा हाकलून देणं सोपं. मग काचा बंद, आणि आतली हवा फिरवायचं बटण चालू. बाहेरची हवा सतत आत घेणारा एसी दर सेकंदाला ४४ अंशांपासून सुरुवात करतो. फक्त लांबच्या प्रवासात मधून मधून ते बटण बंद करून ताजी हवा घ्यावी, झोप येत नाही.

बदल करायचेच असतील तर पैशाला जागणारा एकच सांगेन. कंडेन्सर जुन्या पद्धतीचा, एकच जाड नळी नागमोडी फिरवलेला असेल, तर त्याच मापाचा अनेक चपट्या नळ्यांचा कंडेन्सर बसवून घ्या. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता टाकतो. बसवताना गॅस आणि तेल किती घालायचं ते नव्याने ठरवावं लागतं, त्यामुळे हे जाणत्याकडूनच. कॉम्प्रेसर फुटून आत चुरा गेला असेल तर या जातीचा कंडेन्सर धुऊन वापरू नका, त्या बारीक वाटांमधून चुरा निघत नाही. मोठा कॉम्प्रेसर बसवा म्हणणारे भेटतील, पण पाट तेवढाच असताना मोटर मोठी करून काय उपयोग?

मोठ्या ट्रकवाल्यांचं थोडं बरं झालंय. २०२५ सालात लागू झालेल्या नियमानुसार साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. आमच्या साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपला तो नियम नाही, आणि आधी बनलेल्या गाड्यांना कुठल्याच नियमाने गार करता येत नाही.

या हिवाळ्यात मी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवतो. गॅसबरोबर तेल फिरतं आणि शाफ्टचं सील ओलं राहतं. महिनोन् महिने बंद ठेवलं की ते सील कोरडं पडून चिरतं आणि एप्रिलमध्ये ‘गॅस गेला’ ही हाक येते. थर्मामीटर अजून जाळीतच आहे. परवा १० ऐवजी ११ दाखवला. निळा दिवा मारून पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या पुलीमागे हिरवट चकाकणारा बारीकसा ओघळ. भुसावळच्या मेस्त्रीला फोटो पाठवलाय. “सील आहे. मार्चच्या आत घेऊन ये, आणि येताना कुठे गॅस भरू नकोस,” असं उत्तर आलंय.